वाड्याची तुळई, गिटारची पाठ

नाशिकजवळच्या एकलहऱ्यात वाढलेल्या माणसाला राख म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. औष्णिक वीज केंद्राची धुराडी हेच आमचं क्षितिज. 1970 च्या सुमारास इथे 140 मेगावॅटचे पहिले दोन संच सुरू झाले, पुढे 210 मेगावॅटचे तीन आले. पहिले दोन आता कायमचे थंडावले आहेत. कोळसा रेल्वेच्या वाघिणींतून येतो, बॉयलरमध्ये जळतो आणि वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, कधी त्याहून जास्त, राख मागे ठेवतो. माझ्या लहानपणी ही राख म्हणजे निव्वळ उपद्रव होता. दोरीवरचे कपडे, अंगणातली तुळस, उन्हात घातलेल्या कुरडया, सगळ्यांवर तिचा थर बसायचा. 1999 साली केंद्र सरकारने राखेच्या वापराची अधिसूचना काढली. सिमेंटचे कारखाने आणि विटा पाडणारे राखेकडे वळले. जी टाकायला जागा नव्हती, ती राख आता बंद टँकरमधून हिशेबाने बाहेर जाते.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात जुन्या नाशकातला आमच्या आजोळचा वाडा उतरवला जात होता. गल्लीच्या तोंडाशी करड्या विटांचा ढीग येऊन पडला होता. राखेच्याच विटा, वाड्याच्या जागी उभ्या राहणाऱ्या इमारतीसाठी. त्या ढिगाला वळसा घालून वाड्याचं लाकूड टेंपोत चढत होतं. खांब वेगळे, दरवाजे वेगळे आणि उरलेलं सगळं एकत्र, जळणाच्या भावाने. मी तिथेच थांबलो. आमच्या गावची राख भिंत व्हायला आली होती आणि दीडशे पावसाळे ज्याने छप्पर पेललं ते सागवान चुलीकडे निघालं होतं.

मजुरांकडून मी तुळईचा चार फुटांचा तुकडा मागून घेतला. एका टोकाला धरून उचलला आणि बोटाच्या पेराने त्यावर टकटक केली. ओल्या लाकडाचा आवाज तिथल्या तिथे विझतो. याचा लांबला, थरथरला आणि मग विरला. घरात गिटार शिकणारी मुलगी आहे. त्या रात्री तिनेच विचारलं, या लाकडाची गिटार होईल का? या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जे हाती लागलं, ते या लेखात मांडतो आहे.

वाडा उतरतो कसा

नाशिकचा जुना वाडा म्हणजे लाकडाचा सांगाडा. दगडी जोत्यावर उथळी, उथळ्यावर खांब, खांबावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कडीपाट. विटामातीच्या भिंती या सांगाड्याच्या मधल्या जागा भरतात. भार लाकूड वाहतं. म्हणून वाड्याची मोजणीसुद्धा लाकडाच्या मापाने व्हायची. घर किती चौरस फुटांचं, असं कोणी विचारत नसे. किती खणांचं, असं विचारत. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण.

हा सांगाडा सुतारांनी जोडलेला असतो. एका लाकडात खाच, दुसऱ्याला जीभ आणि आरपार लाकडी खुंटी. जे असं जोडलेलं असतं ते तसंच सोडवताही येतं. जुने सुतार वाडा 'पाडला' म्हणत नाहीत, 'उतरवला' म्हणतात. त्या एका शब्दात सगळी रीत आहे. आधी कौलं, मग रिपा, मग वासे, मग कड्या, शेवटी तुळया आणि खांब. ज्या क्रमाने चढवलं त्याच्या उलट्या क्रमाने खाली घ्यायचं. आता बहुतेक ठिकाणी वेळ वाचवायला यंत्राचा पंजा लावतात. त्यात तुळई मधोमध मोडते, कडीपाट फुटतो आणि घनफुटाच्या भावाने विकलं जाईल असं लाकूड किलोच्या भावाला येतं.

वाडे उतरायला नकोत असं मी म्हणणार नाही. दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते आणि दर पावसाळ्यात त्यातला एखादा कोसळल्याची बातमी येते. मालक आणि भाडेकरूंचे वर्षानुवर्षांचे वाद, वाटण्या होऊन चिंधी झालेली मालकी, मातीच्या भिंतीत मुरलेलं पाणी आणि 1969 सारखे गोदावरीचे पूर, या सगळ्यांनी वाडे आतून पोखरले आहेत. पेशवाईतलं काळाराम मंदिर सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलं. त्यांच्या आडनावात आमच्या शेजारचं ओढा गाव आहे. ते दगडी मंदिर खणखणीत उभं आहे. त्याच काळातले लाकडी वाडे एकेक करून जात आहेत. सराफ बाजाराजवळचा सरकारवाडा राज्य संरक्षित स्मारक आहे म्हणून टिकला. तसं भाग्य प्रत्येक वाड्याला मिळणार नाही. जो वाडा राहणारच नाही, त्याच्या लाकडाचं काय करायचं, एवढाच माझा प्रश्न आहे.

आज त्याचं काय होतं? नक्षीचे खांब आणि दिंडी दरवाजे फार्महाऊस आणि हॉटेलं उचलतात. सरळ, लांब तुळया सॉ मिलमध्ये चिरून नव्या चौकटी होतात. हे चांगलंच आहे. नशीब फुटतं ते आखूड तुकड्यांचं. दोन-अडीच फुटांचे वाशांचे शेंडे, खाचांनी कमकुवत झालेली तुळईची टोकं, फुटलेले हस्त, कडीपाटाच्या फळ्या. चौकटीला पुरत नाहीत म्हणून ते बंबात जातात. वाद्याला मात्र नेमकं आखूडच लाकूड लागतं.

लागतं किती?

सामान्य आकाराच्या गिटारच्या पाठीला दोन पाती लागतात, प्रत्येक साधारण 55 सेंटिमीटर लांब आणि 20 सेंटिमीटर रुंद. बाजूंना दोन पट्ट्या, सुमारे 80 सेंटिमीटर लांब आणि 12 रुंद. घासूनपुसून त्या दोन-अडीच मिलिमीटर जाडीच्या होतात. चिरताना सहा मिलिमीटर धरल्या तरी पाठ आणि बाजू मिळून अडीच लिटर लाकूड भरतं. करवतीत जाणारा भुसा आणि टाकाऊ कडा धरून दुप्पट करा. एका घनफुटात 28 लिटर असतात, म्हणजे एका घनफुटात पाच गिटारींची पाठ आणि बाजू निघतात.

आमच्या वाड्याची तुळई आठ इंच बाय आठ इंच, बारा फूट लांब होती. सव्वापाच घनफूट. एका तुळईत पंचवीस गिटारी. ती चौकटीला गेली असती तर दोन-तीन दारांचं काम झालं असतं. चौकटीचं काम कमी मोलाचं आहे असं नाही. पण तिला गिऱ्हाईक आहे आणि तुकड्याला नाही. हे तुकडे कोणी वेगळे काढून ठेवले, तर चौकट करणाऱ्याचं काहीही न घेता वाद्यं तयार होतात.

तबली आणि पाठ

पण नुसतं लाकूड मिळालं म्हणून वाद्य होत नाही. गिटारचा आवाज कुठून येतो, हे आधी समजून घ्यायला हवं. तार एकटी फार कमी हवा हलवते. ती घोडीला हलवते, घोडी वरच्या पातळ फळीला आणि ती फळी हवेला. मिरजेचे कारागीर सतार-तानपुऱ्याच्या या फळीला तबली म्हणतात, मीही तेच नाव वापरतो. पोलादी तारांच्या गिटारवर सहा तारांचा मिळून सत्तर किलोच्या आसपास ताण असतो आणि तो पेलणारी तबली जेमतेम तीन मिलिमीटरची. इतका भार सोसूनही तिने बोटाच्या हलक्या स्पर्शाला दाद द्यायची असते. म्हणून तिला हलकं पण ताठ लाकूड लागतं. जगभर त्यासाठी स्प्रूस आणि सीडर वापरतात. स्प्रूस घनमीटरला चारशे-साडेचारशे किलो भरतं, सागवान साडेसहाशेच्या आसपास. सागाची तबली करता येते, पण ती जड पडते. सागाची खरी जागा पाठीत आणि बाजूंत.

मग पाठीच्या लाकडाने आवाज किती बदलतो? आधुनिक गिटारचा आकार ज्याने ठरवला त्या स्पेनच्या आंतोनियो दे तोरेसने 1862 साली एक गिटार केली. तबली उत्तम लाकडाची, पाठ आणि बाजू मात्र कागदाच्या लगद्याच्या. आवाजाचं मर्म तबलीत आहे, हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. दीडशे वर्षांनंतर, 2018 मध्ये, इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला. एकाच कारागिराकडून सहा गिटारी करून घेतल्या, फरक फक्त पाठ आणि बाजूंच्या लाकडाचा. लाकूड दिसणार नाही अशा व्यवस्थेत 52 वादकांनी त्या वाजवल्या. महागड्या, दुर्मीळ शिसवाची गिटार आणि स्वस्त लाकडाची गिटार यांच्या आवाजाला मिळालेल्या गुणांत नाव घेण्याजोगा फरक पडला नाही.

हे वाचून मला निराशा वाटली नाही, उलट हायसं वाटलं. वाड्याच्या सागवानाने जादू करावी अशी माझी अपेक्षाच नव्हती. त्याने आपलं काम नीट करावं, एवढंच हवं होतं. आणि पाठीसाठी जर जंगलातला दुर्मीळ शिसव अटळ नसेल, तर आधीच तोडलेलं, दीडशे वर्षं वाळलेलं लाकूड बंबात घालण्याला आपल्याकडे काय सबब उरते?

काळ लाकडाला काय करतो

जुनं ते सोनं हे लाकडाच्या बाबतीत सरसकट खरं नाही. वाळवीने पोखरलेलं जुनं लाकूड हे पोखरलेलंच असतं. पण काळ काही गोष्टी खरोखर करतो. लाकडाच्या पेशींच्या भिंतीत सेल्युलोज, लिग्निन आणि हेमिसेल्युलोज असे तीन मुख्य घटक असतात. हेमिसेल्युलोज पाण्याला सगळ्यात जास्त धरून ठेवतं आणि काळाच्या ओघात सगळ्यात आधी तेच झिजतं. म्हणून जुनं लाकूड हवेतला ओलावा कमी पितं आणि पावसाळ्यात कमी फुगतं. तैवानचे संशोधक ह्वान-चिंग ताय आणि त्यांच्या सहकाऱ्यांना व्हायोलिन घडवणाऱ्या स्त्रादिवारीच्या वाद्यांच्या लाकडात हीच झीज आढळली. ते काम 2017 मध्ये प्रसिद्ध झालं. जपानमध्ये जिरो कोहारा यांनी होर्युजीसारख्या प्राचीन मंदिरांतलं हिनोकी लाकूड तपासलं, तेव्हा तोडल्यानंतरची पहिली शतकं त्याचा कणखरपणा वाढत जातो आणि मग हळूहळू उतरतो, असं त्यांना दिसलं.

सागाची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या अंगात तेल असतं, रबरासारखा अंश असतो आणि सिलिका म्हणजे वाळूचा कण असतो. तेलामुळे पाणी आणि कीड लांब राहते. 1817 मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारच्या सागवानात बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात अजून पाण्यावर तरंगतं आहे. वाड्यांच्या काळचं सागवान नैसर्गिक जंगलात सावकाश वाढलेल्या झाडांचं. त्याचा गाभा मोठा आणि वलयं दाट. आज लागवडीतला साग वीस-पंचवीस वर्षांत तोडतात, तेव्हा बाहेरचं पांढरं लाकूड अजून गाभ्यात बदललेलं नसतं. सुरगाणा, पेठ, डांगच्या पट्ट्यात सागाची जंगलं आजही आहेत, पण आमच्या तुळईच्या घेराचं झाड शोधायला गेलं तर ते सापडूही नये आणि सापडलं तरी तोडूही नये. तसं लाकूड आता जंगलात मागायचं नाही. ते गावात आहे, घरांच्या छपरात. जंगलाने त्याची किंमत एकदा मोजलेली आहे.

मिरजेने आधीच शिकवलेलं

वाद्यासाठी लाकूड निवडणं ही कला आपल्याला परक्यांकडून शिकायची नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मिरजेत फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली. त्यांचं घराणं शिकलगारांचं, म्हणजे तलवारी आणि हत्यारं घडवणाऱ्यांचं. राजाश्रय पटवर्धन संस्थानिकांचा होता. तलवारींचे दिवस मावळले तेव्हा त्या हातांनी तानपुरे घडवले. एका कारागिरीचा शेवट दुसरीची सुरुवात करू शकतो, याचं यापेक्षा सुंदर उदाहरण महाराष्ट्रात मला ठाऊक नाही. 2024 मध्ये मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

तिथल्या तानपुऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यातून येतो. मानेला आणि तबलीला तूण हे लाकूड वापरतात. तूण हलकं, तांबूस, सरळ रेषांचं. इंग्रजी अमलात त्याला सीडरचं नाव चिकटलं ते त्याच्या वासामुळे आणि रंगामुळे. भोपळा निवडताना कारागीर तो वाजवून पाहतात. लाकडावर टकटक करून कान लावतात. पेटी बनवणारेही जुन्या, मुरलेल्या सागवानाला मान देतात, कारण ताज्या लाकडाने अंग टाकलं की भात्याला फट पडते आणि हवा पळते. गिटार आपल्याकडे बाहेरून आली असेल, पण तिच्या लाकडाची पारख करणारे कान आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

तबलीसाठी तूण हा एक पर्याय. दुसरा पर्याय आपण रोज पाहतो आणि ओळखत नाही. मराठीत पॅकिंगच्या हलक्या लाकडाला सरसकट 'देवदारी' म्हणतात. नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत परदेशी यंत्रं येतात ती याच लाकडाच्या खोक्यांत, पॅलेटवर. त्यातल्या बऱ्याच फळ्या पाइन किंवा स्प्रूसच्या असतात. शंभरांत एखादी सरळ, गाठीविना, दाट रेषांची निघते. तीच पारखायची. पण आधी तिच्यावरचा शिक्का वाचायचा. आंतरराष्ट्रीय नियमाने अशा लाकडावर कीड मारल्याची खूण असते. 'एचटी' म्हणजे गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सियसला तीस मिनिटं तापवलेलं, ते चालेल. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते हातात धरायच्या वाद्याला नको. मोडीत निघालेल्या पियानोची मागची मोठी फळीही स्प्रूसचीच असते आणि ती तर घडवलीच नादासाठी.

शिसवी पाट आणि जगाचा कायदा

गिटारच्या मानेवरची बोटपट्टी आणि तारा अडकवायची घोडी कठीण, गुळगुळीत लाकडाची हवी. जगाची पसंती शिसवाला. आधी ती ब्राझीलच्या शिसवाला होती. तो संपत आला तेव्हा मार्टिन या नामांकित अमेरिकी कंपनीने 1969 मध्ये आपल्या गिटारींसाठी भारतीय शिसव घ्यायला सुरुवात केली. 1992 मध्ये ब्राझीलच्या शिसवाच्या व्यापाराला साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराने जवळपास टाळंच लावलं. जानेवारी 2017 पासून शिसवाच्या कुळातल्या सगळ्या झाडांवर परवान्याचं बंधन आलं, 2019 अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. अमेरिकेत तर लाकूड कुठून आलं याची कागदपत्रं तपासायला गिब्सन या गिटार कंपनीच्या कारखान्यांवर 2009 आणि 2011 मध्ये सरकारी छापे पडले. मादागास्करच्या एबनीच्या प्रकरणात कंपनीने 2012 मध्ये तीन लाख डॉलरचा दंड भरून तडजोड केली.

म्हणजे जग ज्या लाकडासाठी कायदे करतं, ते लाकूड आपल्या माळ्यावर मोडका पाट बनून पडलेलं आहे. मराठी घरात शिसवी काय काय असायचं ते आठवा. पाट, झोपाळ्याची फळी, देव्हारा, पलंगाचे पाय. बोटपट्टीला 48 सेंटिमीटर लांब आणि सहा-सात रुंद तुकडा पुरतो. एक पाट दोन बोटपट्ट्या देतो, आणि ज्या पाटाचा पाय मोडला म्हणून तो माळ्यावर गेला, त्याची फळी बहुधा धडधाकट असते. घोडी तर त्याच्या उरलेल्या तुकड्यातही निघते. आमच्या घोडीसाठी मी आजीचा पाट घेतला. जेवायला बसणारे गेले, पाट मागे राहिला होता.

जगात इतरांनी हे करून दाखवलं आहे. 1995 मध्ये अमेरिकी गिटारनिर्माता बॉब टेलरने आपल्याच कारखान्यातल्या सामानाच्या ओक पॅलेटमधून गिटारची पाठ आणि बाजू काढल्या. कारागिरी हाच पहिला गुण आणि लाकूड त्यानंतरचा, हे त्याला सिद्ध करायचं होतं. न्यूयॉर्कच्या कारमाइन स्ट्रीटवर गिटार बनवणारा रिक केली पाडल्या जाणाऱ्या जुन्या इमारतींच्या तुळया गोळा करतो. चेल्सी हॉटेलचंही लाकूड त्याच्या इलेक्ट्रिक गिटारींत आलं. परग्वेतल्या कातेउरा इथे कचराडेपोच्या शेजारची मुलं फाव्हियो चावेस यांच्या वाद्यवृंदात तेलाच्या डब्यांची आणि टाकाऊ लाकडाची व्हायोलिनं वाजवतात. या सगळ्यांनी एकच गोष्ट केली. लाकूड फेकलं जाण्याआधी ते तिथे पोहोचले.

खिळा, करवत, पावसाळा

माझ्या ओळखीचे एक सुतारकाका या कामाला तयार झाले, ते मुख्यतः माझ्या मुलीच्या हट्टाखातर. गिटार त्यांनी कधी केली नव्हती. पण लाकूड त्यांना वाचता येतं आणि इथे तेच निम्मं काम आहे.

पहिलं काम खिळ्यांचं. जुन्या लाकडात हाताने घडवलेले मोळे असतात, वरून डोकं गंजून गेलेलं आणि आत तीन इंच लोखंड. एक राहिला तरी करवतीचे दात जातात आणि उडालेला तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. काकांनी चुंबक दोरीला बांधून तुळईवरून फिरवला, जिथे तो ओढला गेला तिथे खडूची फुली मारली. अकरा फुल्या पडल्या. मोळा निघाल्यावर भोवतीचं लाकूड शाईसारखं काळं दिसतं, लोखंड आणि लाकडातल्या आम्लाची ती खूण. ती काढता येत नाही. आम्ही ती ठेवली.

मग चिरणं. तुळई अशी फिरवून धरायची की वलयं फळीच्या पाठीला काटकोनात उभी राहतील. अशी फळी कमी वाकते. सागातली वाळू पाती बोथट करते, म्हणून पातं दोनदा बदलावं लागलं. लागोपाठच्या दोन फळ्या पुस्तकाच्या पानांसारख्या उघडल्या, तेव्हा तुळईच्या पोटातली रेषा दोन्ही बाजूंना सारखी उमटली. दीडशे वर्षांचा धूर आणि काजळी वरवरच्या दोन मिलिमीटरमध्ये होती. आत लाकूड मधाच्या रंगाचं निघालं आणि खोलीभर कातडं आणि तेल मिसळल्यासारखा सागाचा वास सुटला. इतकी वर्षं बंद राहून तो वास जिवंत होता.

बाजूंच्या पट्ट्या वाकवताना चूक झाली. गिटारच्या कमरेचं वळण तापवलेल्या नळीवर द्यायचं असतं. लाकूड किंचित ओलं करून नळीवर हळूहळू दाबायचं. आतली लिग्निन तापून मऊ पडते तेव्हा पट्टी हाताखाली स्वतःहून वळते. घाई मी केली. पट्टी अडीच मिलिमीटरची होती, नळी पुरेशी तापली नव्हती, आणि कमरेपाशी पट्टी काडकन मोडली. जुनं लाकूड कोरडं आणि थोडं ठिसूळ असतं, त्याला जास्त ताप आणि कमी जाडी लागते. दुसरी पट्टी आम्ही दोन मिलिमीटरची केली. ती वळली.

चिकटवणं हा शेवटचा पेच. सागाच्या अंगचं तेल डिंकाला धरू देत नाही. जोड लावण्याच्या थोडं आधीच पृष्ठभाग ताजा रंधून ॲसिटोनने पुसायचा आणि तेल पुन्हा वर येण्याआधी जोड आवळायचा. आणि हे सगळं करायचं कधी? गिटार करणाऱ्यांना हवेत चाळीस-पन्नास टक्के आर्द्रता हवी असते. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ती सहज ऐंशीच्या वर जाते. त्या दिवसांत चिकटवलेली पाठ एप्रिलच्या उन्हात आकसून तडकेल. म्हणून आमचं काम दिवाळीनंतर सुरू होतं आणि होळीपर्यंत चालतं. पावसाळ्यात पाती फक्त पडून असतात, मध्ये काड्या ठेवून, वर दगडाचं वजन देऊन.

तुकड्यांसाठी जागा

या दोन वर्षांत माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. जुन्या लाकडातून वाद्य करणं अवघड नाही. अवघड आहे ते लाकूड ओळखून योग्य वेळी बाजूला काढणं. ती वेळ एका दुपारची असते. टेंपो निघून गेला की झालं.

त्या दुपारी करायच्या गोष्टी साध्या आहेत. वाडा पाडण्याआधी खांब, तुळया आणि कड्यांचे फोटो काढून ठेवायचे. यंत्राचा पंजा लावण्याआधी वरचा सांगाडा सुताराकडून सोडवून घ्यायचा. त्याची मजुरी न फुटलेल्या तुळयांच्या भावातून वसूल होते. दोन फुटांवरचे पाच-सहा इंच रुंद आखूड तुकडे किलोच्या ढिगात न टाकता वेगळे रचायचे. आणि प्रत्येकावर पेन्सिलीने लिहायचं, कुठल्या वाड्याचं, कुठल्या जागेचं. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. उद्या कोणी या लाकडाचं वाद्य बाहेर पाठवलं, तर पहिला प्रश्न लाकूड कुठलं हाच येणार. आणि कोणी पाठवलं नाही, तरी लाकडाला त्याचं गाव असावं.

राखेला गिऱ्हाईक मिळालं ते सरकारने तिची मोजदाद सुरू केल्यावर. लाकडाच्या तुकड्यांची मोजदाद अजून कोणी करत नाही. पण ती करायला अधिसूचनेची वाट पाहायची गरज नाही. एक मिरजेचा कारागीर, एक पेटी बनवणारा, आयटीआयमध्ये सुतारकाम शिकणारी चार मुलं आणि वाडा उतरवणारा एक कंत्राटदार, एवढे जरी एकमेकांना फोन करू लागले तरी नाशिकचे कितीतरी तुकडे चुलीपर्यंत पोहोचणार नाहीत.

आमची गिटार अजून पूर्ण झालेली नाही. पाठीची दोन पाती एकमेकांना जोडली आहेत, बाजू साच्यात आवळलेल्या आहेत, घोडी आजीच्या पाटातून कापून ठेवली आहे. तबलीची फळी एका खोक्यातून निघाली, 'एचटी'चा शिक्का तिच्या मागच्या अंगाला आतल्या बाजूने राहील. या दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पाठ आणि बाजू जोडायच्या.

गिटारच्या गोल भोकातून आत पाहिलं की पाठीवर एक चिठ्ठी चिकटवलेली दिसते. कारागीर त्यावर आपलं नाव आणि साल लिहितो. परवा मुलगी ती चिठ्ठी तयार करायला बसली. काकांचं नाव तिने खाली घातलं. वर गल्लीचं नाव, वाड्याचं नाव, तुळई कुठल्या खणातली ते, आणि वाडा उतरवला ते साल. मोळ्याचा काळा डाग पाठीच्या मधोमध आला आहे. चिठ्ठी त्याच्या शेजारी लावायची, असं तिने ठरवलं आहे, म्हणजे भोकातून डोकावणाऱ्याला दोन्ही एकदम दिसतील.